डेटा सेंटरसाठी जमीन मागताहेत? आधी विजेचा कागद मागा

भाऊ, तुम्ही पोस्टमध्ये लिहिलं की वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात हायवेलगत तुमचं 8 एकर वावर आहे, आणि दलाल म्हणतो ‘डेटा सेंटर येऊन राहिलं, विसार घ्या, मुखत्यारपत्र द्या, यंदा पेरू नका’. ते वाचून राहवलं नाही, आमच्याकडंही हेच बोलणं झालं होतं. सातबारा, फेरफार तुम्ही पाहिलंच असेल.

डेटा सेंटर म्हणजे इंटरनेटची माहिती साठवणारे सर्व्हर, म्हणजे मोठे कॉम्प्युटर, ठेवायची इमारत. हा धंदा वाढतोय हे खरं. 2022 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात डेटा सेंटरला पायाभूत सुविधेचा दर्जा मिळाला, लांब मुदतीचं कर्ज सोपं झालं. पण देशातली निम्म्याच्या आसपास क्षमता मुंबई-नवी मुंबईत आहे, कारण समुद्राखालच्या केबल तिथं किनाऱ्याला लागतात आणि बँका, शेअर बाजारही तिथंच. एआयला शिकवायच्या (ट्रेनिंगच्या) कामाला मात्र मुंबईपासूनचं अंतर फारसं आड येत नाही. म्हणजे आपल्याकडं येणारच नाही असं नाही. अडतं ते विजेवर.

10 मेगावॉटचे सर्व्हर धरा. कूलिंग आणि इतर वापर मिळून मागणी 15 मेगावॉटपर्यंत जाते, पूर्ण भारावर वर्षाला 13 कोटी युनिट. शेतीच्या 11 केव्ही फीडरचं हे काम नाही. 33 केव्ही किंवा त्यावरची लाइन लागते, शक्यतो दोन वेगळ्या सबस्टेशनवरून. वावरातून टॉवर लाइन जाते म्हणून वीज मिळत नाही, सबस्टेशनात मोकळा बे (नवी लाइन जोडायची जागा) आणि ट्रान्सफॉर्मरवर शिल्लक क्षमता हवी. उलट तारांखालची पट्टी बांधकामाला बाद होते.

आमच्याकडं सगळ्यात जास्त नुकसान याच ठिकाणी झालं. एका कार्यालयात तोंडी सांगितलं, ‘लाइन बाजूनंच आहे, होऊन जाईल.’ लेखी मागितलं तर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर. तोवर विसार होऊन गेले, वावरं पडीक राहिली. तोंडी शब्दाला काडीची किंमत देऊ नका. कंपनीच्या नावानं केलेला लोडचा अर्ज, त्याची पोच आणि सबस्टेशनचं नाव असलेलं व्यवहार्यतेचं (एवढी वीज देता येईल असं) पत्र, हे तिन्ही पाहिल्याशिवाय सही नाही.

मी वकील नाही, कागद आपल्या वकिलाला दाखवाच. पण विक्रीचा अधिकार देणारं मुखत्यारपत्र दलालाच्या नावानं करू नये, हे माझं ठाम मत. करार थेट कंपनीशी, नोंदणीकृत आणि मुदतीचा हवा. मुदतीत विजेचं पत्र आलं नाही तर करार रद्द, हे त्यात स्पष्ट लिहून घ्या. वकील विदर्भातला बघा. आपल्याकडं कुळकायदा 1958 चा वेगळा आहे, पुण्या-मुंबईचे मसुदे 1948 च्या कायद्यावर बेतलेले असतात.

अजून एक. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर पाया टाकायचा तर खरी कंपनी आधी बोअर मारून नमुने नेते, मुरूम किती खोल लागतो ते बघते. नुसते फोटो काढून जाणाऱ्यावर भरवसा ठेवू नका. कूलिंगला पाणी कुठून आणणार, तेही विचारा.

आणि ताबा देऊ नका. कापूस लावा, ई-पीक पाहणीत नोंद करा, नाहीतर सातबाऱ्यावर पडीक लागेल.