आयबीएससाठी (पोटदुखी, गॅस, जुलाब किंवा बद्धकोष्ठ असा आतड्यांचा जुनाट त्रास) कांदा, लसूण, गहू, दूध बंद करून 2 महिने झाले, पोट तसंच आहे. आता अजून काय सोडू?

अजून काहीच सोडू नका, उलट सोडलेलं एकेक करून परत खायला लागा. मलाही आयबीएस आहे आणि डाएटिशियनने हेच करायला लावलं, कारण मोनाश युनिव्हर्सिटीचा लो-फॉडमॅप डाएट (आतड्यात नीट न शोषली जाणारी, गॅस करणारी कर्बोदकं टाळायचा आहार) मुळात 2 ते 6 आठवड्यांचाच असतो, तेवढ्यात फरक नाही पडला तर ताणून फायदा नाही, नुसती उपासमार होते हो. पहिल्या दिवशी अर्धी पोळी, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी दोन, त्रास नाही झाला तर पुढचा पदार्थ. सोबत डॉक्टरांना यांबद्दल विचारा:

- इसबगोल, थोड्यापासून सुरू करून, भरपूर पाण्यासोबत
- रात्री कमी डोसची अमिट्रिप्टिलिन (मुळात नैराश्याचं औषध, कमी डोसमध्ये आयबीएसलाही देतात)
- सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी मानसोपचार पद्धत)

फक्त शौचातून रक्त, आपोआप वजन उतरणं किंवा पोटामुळे रात्री झोपमोड असेल तर आधी गॅस्ट्रोच्या डॉक्टरांकडे जा.