पावलांकडे बघून वाजव

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तू अ‍ॅकॉर्डियनवर पोलका नाचाची धून वाजवतानाचा व्हिडिओ पाठवलास, तो तीनदा पाहिला. याच्यावरच पोट भरायचं म्हणतेस आणि आईबाबांचा विरोध आहे, त्याबद्दलही खाली लिहिलंय. तुझा उजवा हात पाण्यासारखा चालतो. एवढी सफाई मला चाळीस वर्षांत जमली नाही. तिसऱ्यांदा पाहताना मात्र मी आवाज बंद केला आणि नुसता भाता बघितला. ओळ संपायच्या आतच तो पुरता उघडतो, आणि मग तू तो सुराच्या मधूनच घाईने उलटा फिरवतेस. बसून ऐकणाऱ्याला हे कदाचित कळणार नाही. नाचणाऱ्याला लगेच कळतं, त्याचं पाऊल नेमकं तिथेच अडखळतं.

आपण दोघंही पेटीवरून इकडे आलो, म्हणून पेटीच्याच भाषेत सांगतो. पेटीत डावा हात हवा भरतो, ती आत साठते, उजव्या हाताला तिची चिंता नसते. अ‍ॅकॉर्डियनमध्ये साठवण नाही. उघडताना आणि मिटताना दोन्हीकडे सूर बोलतो आणि दिशा बदलल्याचा क्षण ऐकू येतो. तो क्षण ओळीच्या शेवटी, श्वास घ्यावा तसा यायला हवा. महिनाभर एकच कर. एक सूर धर, आठ मोजेपर्यंत उघड, आठ मोजेपर्यंत मिट, आवाज कुठेही फुगू किंवा बसू देऊ नकोस. कंटाळा येईल, तरी कर. मी अजूनही रोज सकाळी करतो.

मी 1979 मध्ये सोलापूरहून अमेरिकेत क्लीव्हलंडला आलो. मशीन शॉपमध्ये शेजारच्या लेथवर एक स्लोव्हेनियन गृहस्थ होते. त्यांनी मला एका शुक्रवारी त्यांच्या हॉलमध्ये तळलेल्या माशाच्या जेवणाला नेलं आणि तिथे मी पहिल्यांदा समोर बसून पोलका ऐकला. दोन वर्षांनी त्यांच्याच बँडमध्ये दुसरं अ‍ॅकॉर्डियन वाजवायला लागलो. एका लग्नात मुख्य वादक आजारी पडला आणि पहिली जागा माझ्याकडे आली. मी काय केलं असेल? नाट्यसंगीतातल्या ताना घातल्या. जोडपी आधी थबकली, मग एकेक करून खुर्च्यांकडे गेली. रिकामी लाकडी फरशी आणि माझी तान, एवढंच उरलं. त्या रात्री घरी येताना मला लेझीम आठवलं. आमच्या गल्लीतला हलगीवाला मान खाली घालून वाजवायचा. त्याला पोरांची पावलं बघायची असायची, आणि त्या वयात मला ते कळलं नव्हतं.

म्हणून नाचायला शीक. खरंच शीक. पोलका हा 1830 च्या दशकात बोहेमियातून निघालेला दोन मात्रांचा नाच आहे. अ‍ॅकॉर्डियन त्याला नंतर जोडलं गेलं. क्लीव्हलंडच्या स्लोव्हेनियन शैलीत दोन अ‍ॅकॉर्डियन, बँजो, बास आणि ड्रम असतात. बास आणि बँजो ठेका सांभाळतात, त्यामुळे तुझा डावा हात बऱ्याचदा गप्प राहील. डाव्या हाताला 120 बटणं आहेत म्हणून ती सगळी दाबायची नसतात. शिकागोच्या पोलिश बँडमध्ये चाल संथ आणि वजनदार असते, तिथे भाता थरथरवूनच ठेका देतात. दोन्हीकडे जाऊन नाच, म्हणजे फरक पायांतून हातात येईल.

आता आईबाबांचा विरोध. पोलका वादक फ्रँकी यँकोविकची गोष्ट तुला ठाऊक असेलच, पण तिचा मधला भाग लोक सांगत नाहीत. जन्म 1915 चा, वाढला क्लीव्हलंडच्या कॉलिनवूडमध्ये. घरात स्लोव्हेनियन कामगार जेवूनखाऊन भाड्याने राहायचे, त्यातल्याच एकाकडून तो बटणांचं अ‍ॅकॉर्डियन शिकला. वडिलांना यात पोट भरेल असं वाटत नव्हतं. आईने पियानोसारख्या पट्ट्यांच्या अ‍ॅकॉर्डियनला गुपचूप पैसे दिले आणि ते बहिणीच्या घरी ठेवलं. पहिल्या रेकॉर्ड त्याने 1932 मध्ये पदरच्या पैशाने काढल्या. पुढे तो बारही चालवत होता. दुसऱ्या महायुद्धात बल्जच्या लढाईत हातपाय हिमदंशाने गेल्यात जमा होते, डॉक्टर कापायचं म्हणत होते, त्याने नकार दिला आणि बोटं परत चालती केली. त्याचं ‘जस्ट बिकॉज’ हे गाणं 1947 च्या डिसेंबरात ध्वनिमुद्रित झालं, आणि 1948 मध्ये मिलवॉकीत त्याला पोलकाचा राजा म्हणून मुकुट घातला गेला. म्हणजे पहिल्या रेकॉर्डनंतर पंधरा-सोळा वर्षांनी. त्यानंतरचं आयुष्य गाडीत गेलं, एका गावाहून दुसऱ्या गावाला. पहिली दोन लग्नं मोडली. हे मी तुला घाबरवायला सांगत नाही. तुझी आई हिशेब विचारते तेव्हा ती या बाजूबद्दल विचारते आहे.

नोकरी धर, असं माझं स्पष्ट मत आहे. मी ओळखतो ते बहुतेक चांगले वादक आठवडाभर दुसरं काम करतात आणि शनिवार-रविवार लग्नं, चर्चच्या जत्रा, ऑक्टोबरफेस्ट वाजवतात. ग्रॅमीत पोलकाचा वेगळा विभाग होता. पहिला पुरस्कार 1986 मध्ये यँकोविकलाच मिळाला, आणि एकूण 24 पैकी 18 एकट्या जिमी स्टर या पोलका बँडवाल्याला. 2009 नंतर तो विभागच बंद झाला. पण दारं दुसरीकडे उघडतात. अ‍ॅकॉर्डियन वादक जोई मिस्कुलिन लहान वयात यँकोविकच्या बँडमध्ये आला आणि नंतर ‘रायडर्स इन द स्काय’ या काउबॉय गाण्यांच्या चमूत रमला. त्याला ऐक, साथ कशी करावी ते कळेल.

वाद्य जुनंच घे. भाता मिटून ठेवणारे पट्टे सोडून, एकही सूर न दाबता, तो हळूच लोंबू दे. भाता भसकन उघडला तर हवा गळते, ते घेऊ नकोस. उन्हाळ्यात ते गाडीत विसरलीस तर आतल्या सुरांच्या धातूच्या पट्ट्यांना धरून ठेवणारं मेण वितळेल. वजन दहा किलोच्या आसपास असतं, म्हणून पाठीमागचा आडवा पट्टा लावल्याशिवाय उभी राहू नकोस. माझ्या खांद्याला आता ते फार उशिरा कळलं.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत क्लीव्हलंडला पोलकाचा मोठा मेळा भरतो, तेव्हा घरी ये. काकूने पुरणपोळी करायचं कबूल केलंय. अ‍ॅकॉर्डियन आणू नकोस. गुळगुळीत तळव्याचे बूट आण, तीनही रात्री तुला फरशीवरच ठेवणार आहे.

तुझा,
काका