“ह्यातून कोणी म्हातारं झालंय का?”

स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं की बाई आधी खर्चाचं विचारते, मग लेकरांचं. महात्मा फुले योजनेत बसतंय, एवढं कळलं आणि बरोबरचा माणूस झेरॉक्स काढायला बाहेर गेला की तिसरा प्रश्न येतो. तो बहुतेकींचा सारखाच असतो. गेवराई तालुक्यातून आलेल्या एका ताईंनी तो असा विचारला: “मॅडम, खरं सांगा. ह्यातून कोणी म्हातारं झालंय का? पाच वर्सं, सात वर्सं न्हाई म्हणत मी. चांगलं केस पिकून, नातवंडं खेळवून?”

मराठवाड्यात कर्करोगाच्या रुग्णांसोबत समुपदेशनाचं काम करताना हा प्रश्न सतत ऐकते, म्हणून ताईंच्या परवानगीने इथे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ताई चाळिशीतल्या. घरी कोरडवाहू शेत, त्यात कापूस. थोरली लेक पदवीच्या शेवटच्या वर्षाला आणि तिच्यासाठी स्थळं बघणं सुरू. गाठ हाताला लागली दिवाळीच्या सुमारास. दुखत नव्हती, शिवाय वेचणीचे दिवस, म्हणून संक्रांत होईपर्यंत त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. आमच्या भागात हे फार होतं. सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही आणि जे दुखत नाही त्यासाठी मजुरी बुडवून दवाखाना गाठायचं कुणाला सुचत नाही.

मी त्यांना उलट विचारलं, तुमच्या माहितीत हा आजार कुणाकुणाला झाला? त्यांनी बोटांवर मोजलं. आत्या. गल्लीतली एक. शाळेतल्या मास्तरांची बायको. माहेरच्या गावची एक. “चारी गेल्या. मग मी पाचवी.”

हा हिशोब घेऊन त्या कीमोच्या खुर्चीत बसणार होत्या. तो त्यांच्या डोक्यात राहू द्यायचा नाही, हे माझं पहिलं काम. पण ‘असं काही नसतं हो ताई’ म्हणून तो जात नाही, कारण त्यांच्यापुरता तो खरा असतो. चार नावं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली.

यादी खोटी नव्हती, अर्धी होती. जी बाई या आजारात जाते तिचं अख्ख्या गावाला कळतं. मयत होते, दहावा होतो, कशानं गेली हे पाहुण्यारावळ्यांत वर्षानुवर्षं बोललं जातं. जी जगते ती गप्प बसते. लेकीची सोयरीक व्हायची असते. सासरकडच्यांनी ‘हिच्या रक्तात आहे’ असं म्हणू नये म्हणून नवरा गप्प, सासू गप्प. ऑपरेशन कशाचं, असं कुणी विचारलं तर ‘पिशवीचं’, म्हणजे गर्भाशयाचं, म्हणून सांगतात. बीड जिल्ह्यात पिशवी काढलेल्या बायका इतक्या आहेत की दुसऱ्यांदा कुणी विचारतही नाही. म्हणजे गेलेल्या चारही जणी ताईंना माहीत होत्या. जगलेल्यांपैकी एखादी कदाचित त्यांच्याच गल्लीत भाकरी थापत असेल, पण ती कळायचा काही मार्गच नाही.

अभिनेत्री मुमताज यांचं मी सांगून बघितलं. त्यांना २००२ साली हा कर्करोग झाला, कीमो, रेडिएशन सगळं झालं आणि वीस वर्षांनंतरही त्या टीव्हीवर दिसल्या. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. “ती हिरोईन मॅडम. तिला काय कमी?” बरोबर होतं. प्रसिद्ध माणसाचं उदाहरण चार घटका बरं वाटायला पुरतं. विश्वास बसायला आपल्यासारखीच, आपल्याच योजनेतून उपचार घेतलेली, आपल्यासारखंच एसटीने आलेली बाई लागते.

अशी एक मावशी माझ्या ओळखीची. शेजारच्याच तालुक्यातली, पण तिची परवानगी असल्याशिवाय तिच्याबद्दल एक अक्षर बोलणं शक्य नव्हतं. फोन केला. तिने दोन अटी घातल्या: गावाचं नाव सांगायचं नाही आणि बोलताना बाप्या माणसाला खोलीत बसवायचं नाही. तपासणीच्या तारखेला ती आली, तेव्हा ताईंचा दुसरा कीमो होता.

मावशीचं ऑपरेशन २००६ मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात झालं. त्यानंतर कीमो, मग शेक. आमच्याकडे रेडिएशनला शेकच म्हणतात. मग टॅमॉक्सिफेनची गोळी, रोज एक, पाच वर्षं. तेव्हा तिची लेक चौथीत होती. आता त्या लेकीला लेकरू आहे.

मला वाटलं होतं, ताई विचारतील कशा वाचलात. त्यांनी विचारलं, “मावशी, झोप लागायची का?”

“पयल्या वर्साला न्हाई लागली. रात्री उठून हात लावून बघायचे, दुसऱ्या बाजूला आलं का म्हणून. सकाळी परत बघायचे. मग एक डॉक्टरीणबाई म्हणल्या, रोज चाचपू नका, म्हयन्यातून एकदा बघा. तवापास्नं जरा सुटले.”

“आता भ्या वाटत न्हाई?”

“तपासणीच्या आधी आठ दिवस वाटतंच की. अजून वाटतं. पोटात कालवतं. रिपोर्ट चांगला आला की घरी जाते आन् इसरते. मदी म्हयने म्हयने याद येत न्हाई बग.”

समुपदेशनाच्या पुस्तकातून हे मला इतकं नीट सांगता आलं नसतं. भीती पूर्ण जात नाही, तपासणीच्या तारखांपुरती उरते आणि मधले महिने आपले असतात. ताईंना ‘आता काही होत नाही’ असं कुणी सांगितलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला नसता. अजूनही पोटात कालवतं असं म्हणणाऱ्या बाईवर त्यांनी ठेवला.

मग मावशीने दार लावून घ्यायला सांगितलं आणि ब्लाऊजमधून, काढलेल्या स्तनाच्या जागी ठेवलेली एक कापडी पिशवी काढून ताईंच्या हातावर ठेवली. सुती अस्तर, वर मऊ कापड, आत मोहरी. तिने स्वतः शिवलेली. नुसता कापूस भरला तर हलकं पडतं, ब्लाऊज एका बाजूने वर चढतो आणि बाई नकळत एक खांदा पाडून चालायला लागते. मोहरीने वजन सारखं होतं. “बुडाला टीप डबल मार, न्हाईतर शेतात सांडंल.” ताई ती पिशवी बराच वेळ हातात घेऊन तोलत होत्या. निदान झाल्यापासून त्या पहिल्यांदाच ऑपरेशननंतरच्या आयुष्यातल्या एखाद्या वस्तूकडे बघत होत्या, असं मला वाटलं.

हाताचंही तिने दाखवलं. काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूचा हात सुजू शकतो. कापसाच्या बोंडाचे काटे टोचून जखम झाली तर त्यातून संसर्ग होऊन सूज वाढते. मावशी वेचणीला नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते, तो तर सगळ्याच बायका घालतात, पण ती त्या हातात मोजाही घालते. भरलेली घागर दुसऱ्या कडेवर. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले हाताचे व्यायाम अजून चालू. हात एकदम लाल होऊन तापला, अंगात ताप भरला, तर त्याच दिवशी दवाखाना. “उंद्या बघू म्हणायचं न्हाई.” गोळ्यांची पट्टी ती मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवायची, म्हणजे सकाळी चहाबरोबर चुकायची नाही. बरं वाटतंय म्हणून दोन वर्षांनी गोळी सोडून देणाऱ्या कितीतरी जणी मी पाहते, त्यामुळे हे ऐकताना मला फार बरं वाटलं.

पुढच्या कीमोला ताई आल्या त्या पुन्हा पडलेल्या चेहऱ्याने. कुणीतरी फाईल वाचून सांगितलं होतं की मावशीचा रोग हार्मोनवाला होता, तुमचा हर-टू पॉझिटिव्ह आहे, तो जास्त वाईट. “म्हंजे त्यांचं मला लागू न्हाई.”

दुसऱ्याच्या बरं होण्यातून आधार घेताना ही अडचण हटकून येते आणि ती ‘मनावर घेऊ नका’ म्हणून टाळण्यासारखी नाही. स्तनाचा कर्करोग हा एक आजार नाही. हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या हार्मोनवर वाढणाऱ्या प्रकारात वर्षानुवर्षं गोळी असते आणि क्वचित पंधरा-वीस वर्षांनीही तो उलटू, म्हणजे परत येऊ शकतो, म्हणून काहींना आता ती पाचऐवजी दहा वर्षं देतात. ट्रिपल निगेटिव्हमध्ये, म्हणजे हार्मोनवालाही नाही आणि हर-टूवालाही नाही अशा प्रकारात, उलटण्याचा धोका पहिल्या तीन-चार वर्षांत जास्त आणि नंतर बराच कमी. हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे ज्यात कर्करोगाच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असतं तो, एके काळी खरोखरच अवघड प्रकारांत मोजला जायचा. मग त्या हर-टूवरच काम करणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध आलं. अमेरिकेत १९९८ मध्ये ते पसरलेल्या रोगासाठी मंजूर झालं आणि २००६ मध्ये सुरुवातीच्या टप्प्यासाठी. भारतात बनलेलं तुलनेने स्वस्त ट्रास्टुझुमॅब २०१४ पासून मिळतं. ताईंना तेच चालू होणार होतं, दर तीन आठवड्यांनी, साधारण वर्षभर.

मी त्यांना एवढंच सांगितलं की जी बाई आज वीस वर्षं जगलेली दिसते, ती वीस वर्षांपूर्वीच्या औषधांवर जगलेली आहे. तिच्या वेळी आपल्याकडे जे सहज मिळत नव्हतं ते आज तुमच्या सलाईनमध्ये असणार आहे. आपल्याकडे तुमच्या प्रकारच्या, हेच औषध घेतलेल्या बहुतेक बायकांना अजून वीस वर्षं झालेलीच नाहीत, म्हणून तशा फारशा भेटत नाहीत. त्यावर ताईंनी औषधाचं नाव तीनदा म्हणायला लावलं आणि लेकीकडून वहीत लिहून घेतलं.

मावशीसारखीला भेटवण्याची कल्पना माझी नाही. न्यूयॉर्कमध्ये १९५२ साली तेरेसे लॅसर नावाच्या बाईंनी हे सुरू केलं. स्वतःचं स्तन काढण्याचं ऑपरेशन झाल्यावर त्या दवाखान्यांत जाऊन नव्या रुग्णांना भेटायला लागल्या, आणि ती पद्धत पुढे जगभर गेली. पण या भेटींनी काय होतं आणि काय होत नाही, हे स्पष्ट असलेलं बरं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी १९८९ मध्ये मांडलं होतं की गटात बसून मन मोकळं करणाऱ्या बायका जास्त जगल्या. त्यांच्याच गटाने अभ्यास पुन्हा केला, २००७ मध्ये निष्कर्ष आले, आणि आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. कॅनडातल्या २००१ च्या अभ्यासातही नाही, पण मनाचा त्रास कमी झाला आणि वेदनाही कमी जाणवल्या. म्हणून ‘विचार चांगले ठेवा, मग रोग जातो’ हे वाक्य मी कुणालाही बोलू देत नाही. ज्या बाईचा रोग उलटतो तिच्या माथी ते दोष मारतं, जणू तिने पुरेशी हिंमत धरली नाही. रडल्याने रोग वाढत नाही. हे ताईंना दोनदा सांगावं लागलं, कारण रडू आलं की जाऊबाई ओरडायच्या.

रोग हाडांत किंवा फुप्फुसात पसरलेला असेल तेव्हा मी मावशीला बोलवत नाही. ‘मी पूर्ण बरी झाले’ हे ऐकून त्या बाईला एकटं वाटतं. पसरलेल्या रोगासोबत, औषधं घेत, घरचं करत काही वर्षं काढलेल्या बायकाही आहेत. तिला त्यांची गाठ घालून द्यावी लागते, आणि दिलासा वेगळ्या मापाचा असतो.

ज्यांना समुपदेशक मिळत नाही त्यांनी तपासणीच्या रांगेत बघावं. छत्रपती संभाजीनगरचं सरकारी कर्करोग रुग्णालय असो की बार्शी, ज्यांच्या हातात जाडजूड, कोपरे मळलेली फाईल आहे त्या जुन्या असतात. वर्षातून एकदा दाखवायला आलेल्या. शेजारी बसून ‘किती वर्षं झाली ताई?’ एवढं विचारलं तरी पुरतं. बहुतेक जणी सांगतात, कारण तिथे लपवण्यासारखं कुणी नसतं. त्यांचं औषध मात्र आपल्याला लावून घेऊ नये, ते डॉक्टरांनाच विचारावं.

ताईंचं ऑपरेशन झालं, शेक झाले, ट्रास्टुझुमॅब अजून चालू आहे. आता प्रश्न लेकीच्या सोयरिकीचा आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणींमध्येच तो आई-वडिलांकडून आलेल्या जनुकातून येतो, हे मी त्यांना सांगितलं. पण ताईंना स्वतःला तो चाळिशीत झाला आणि आत्यालाही होता. वडिलांकडचं नातंही इथे तितकंच धरतात. म्हणून जनुकीय तपासणीबद्दल डॉक्टरांशी बोला, असंही सांगितलं. त्यांनी ते विचारलंय. मुलाकडच्यांना आधीच खरं सांगून टाकायचं असं ताईंच्या मनात आहे. “मी गप बसले तर अजून एकीला वाटंल, समद्याच जातात.” त्यांचे मालक अजून तयार नाहीत, स्थळ मोडेल म्हणतात, आणि त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. पुढच्या इंजेक्शनला त्यांनाही घेऊन यायला सांगितलंय. मावशीच्या मालकांशीही बोलले आहे. ते त्या दिवशी येतो म्हणालेत.