लो-फाय अल्बम म्हणजे मुद्दाम खराब केलेलं रेकॉर्डिंग का? स्टुडिओ परवडत नसेल तर घरीच मराठी गाणी रेकॉर्ड करून अल्बम काढावा का?

काढा, बिनधास्त काढा. मी नाशिकला पंचवटीत राहतो, दोन वर्षांपूर्वी घरातल्याच खोलीत सात गाण्यांचा अल्बम केला. साधी गिटार, आवाज, दोन गाण्यांत इलेक्ट्रिक गिटार आणि बास. म्हणून जे करून बघितलंय तेवढंच सांगतो.

लो-फाय म्हणजे साध्या सामानावर केलेलं, खोलीचे बारीकसारीक आवाज तसेच राहिलेलं रेकॉर्डिंग. मुद्दाम खराब करायचं म्हणाल तर, ज्यांनी हे सगळ्यात चांगलं केलं त्यांच्या मनातही ते नव्हतं. अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा नेब्रास्का हा अल्बम बघा, माणूस मोठ्या कंपनीचा, इंडी (कंपनीशिवाय स्वतःच गाणी काढणारा) वगैरे काही नाही, पण जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात त्याने टीॲकच्या चार ट्रॅकच्या (म्हणजे चार आवाज वेगवेगळे भरता येणाऱ्या) कॅसेट रेकॉर्डरवर दोन शुअर एसएम ५७ माइक लावून ही गाणी गायली, ती पण फक्त बँडला ऐकवायला, नमुना म्हणून. नंतर स्टुडिओत बँडसोबत वाजवून बघितली तर त्यातला जीवच गेला, आणि शेवटी खिशात घेऊन फिरलेल्या त्या कॅसेटवरूनच अल्बम निघाला. गायक एलियट स्मिथचा १९९४ चा रोमन कँडल हा अल्बम पण असाच घरगुती, गिटार आणि अगदी कानाशी येऊन बोलल्यासारखा आवाज. सांगायचं काय, की गाणं ज्या खोलीत जन्मलं ती खोली त्याच्यासोबत राहिली. लो-फायमध्ये मला एवढंच महत्त्वाचं वाटतं, बाकी वरून टेपची खरखर टाकणारे प्लगिन (छोटी सॉफ्टवेअर) वगैरे मी वापरत नाही आणि तुम्हीही वापरू नका.

आता माझ्या खोलीचं सांगतो. खिडकीसमोर डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर आहे. दिवसा रिक्षा, यात्रेकरूंच्या बस, यात काही कळत नाही, पण रात्री अकरानंतर तो डीपी जो गुणगुणायला लागतो तो प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये यायचा. पहिली तीन गाणी मी एका स्टुडिओत साफ करायला दिली, चार हजार गेले. गुणगुण गेली खरी पण तिच्यासोबत ओळीच्या शेवटी घेतलेला श्वास गेला, आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला. आईला ऐकवलं तर म्हणाली, सर्दी झाली होती का रे तेव्हा तुला? खूप वाईट वाटलं होतं त्या दिवशी.

मग नीट बसून ऐकलं तेव्हा कळलं की खरा त्रास गुणगुणीचा नव्हताच, ती सुरात नव्हती हा त्रास होता. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची (म्हणजे सेकंदाला ५० फेरे), आणि ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा प्रत्येक फेऱ्यात दोनदा ताणला जातो म्हणून त्याचा आवाज येतो १०० हर्ट्झवर. गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला (दांड्यावरच्या पट्टीला) 'जी' नावाचा जो सूर वाजतो तो ९८ हर्ट्झचा. माझी निम्मी गाणी याच 'जी' सुरात. म्हणजे ९८ आणि १०० शेजारी शेजारी, आणि दोघं मिळून सेकंदाला दोनदा आवाज फुगतो आणि बसतो, तंबोरा जुळवताना तारा अगदी जवळ आल्या पण जुळल्या नाहीत की जसं होतं ना, अगदी तसं. डीपी तर हलणार नव्हता, म्हणून मी गिटार हलवली. गिटार जुळवायच्या ट्यूनर ॲपमध्ये 'ए' सुरासाठी ४४० हर्ट्झ असतं तिथे ४४९ केलं आणि सगळी गिटार तेवढी वर चढवली. लाट थांबली. तो आवाज एकदम खालचा सा झाला, जणू कोणीतरी मागे बसून सूर धरलाय. मी हेडफोन काढून खिडकीत जाऊन उभा राहिलो होतो कितीतरी वेळ. तुमच्याकडे फ्रिज असेल, पाण्याची मोटर असेल, एकदा रात्री शांत बसून ऐका आणि तो आवाज कुठल्या सुरात आहे ते आधी शोधा.

सामानाचं फार टेन्शन घेऊ नका. एक डायनॅमिक माइक (एसएम ५७ सारखा, लांबचा आवाज कमी घेतो), माइक लॅपटॉपला जोडायला एक साधं दोन इनपुटचं साऊंड कार्ड, लॅपटॉपवर ऑडासिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे. मागे आजीच्या दोन गोधड्या दोरीवर टाका, स्पंजच्या शीटपेक्षा चांगलं काम करतात. हळू गाणार असाल तर माइकच्या जवळ जावं लागतं आणि जवळ गेलं की आवाज जाड होतो, आणि आपल्या भ, फ, प ची फुंकर थेट माइकवर बसते, म्हणून माइक तोंडासमोर नको, जरा गालाच्या बाजूला तिरका ठेवा. आणि चारच ट्रॅक, पाचवा घ्यायचा नाही असं ठरवून बसा. माझ्या एका गाण्यात आधी अकरा ट्रॅक होते, सात काढून टाकले तेव्हा शब्द ऐकू यायला लागले.

फोकबद्दल, म्हणजे लोकसंगीताबद्दल मात्र मनापासून सांगायचंय. मराठी फोक म्हणून संबळचा लूप (तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजणारा) खाली चिकटवतात ते मला बिलकुल पटत नाही. संबळ वाजवणारा माणूस भेटला तर त्याला बोलवा, त्याच्यासोबत बसा, नाहीतर राहू द्या. आपलं फोक बोलण्याच्या चालीत आहे. जात्यावरची ओवी ऐका, तिच्यात अक्षरं मोजलेली नसतात, दळणारी बाई जात्याच्या फेऱ्यावर ओळ कधी ओढते कधी आखडते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्यात, पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या साईटवर त्यातल्या कितीतरी ऐकायला मिळतात, आठवडाभर तेवढंच ऐका. मी तिथून एकच गोष्ट उचलली, मेट्रोनोम (सारखे ठोके देणारं यंत्र) बंद केला. ओळ लांबली की गिटार थांबते आणि मी पुढचा शब्द बोलेपर्यंत थांबूनच राहते. रॉकवाल्या मित्रांना ते आधी चुकल्यासारखं वाटलं, आता ते पण तसंच वाजवतात.

शेवटी आवाज उगाच मोठा करत बसू नका, स्पॉटिफाय तसंही सगळ्यांची लेव्हल साधारण सारखी करून टाकतं.

सातव्या गाण्यात तिसऱ्या कडव्याला लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर होता, रेकॉर्डिंग चालूच राहिलं, डीपी मात्र गप्प झाला आणि खालचा सा अचानक निघून गेला, तिथून पुढे नुसती गिटार आणि मी. तो टेक मी तसाच ठेवलाय. खिडकीतून एक बाई शेजारणीला मेणबत्ती मागतेय तेही आहे त्यात.

तुमच्या घरात रात्री काय वाजतं ते खाली लिहा, गिटार किती वर-खाली करायची ते हिशोब करून सांगतो.