कॅमेरा घ्या, पण कापसाच्या चुकाऱ्यातून नको

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातल्या एका तरुण वाचकाचा प्रश्न आहे. लग्नसराईत ते तालुक्याच्या गावच्या स्टुडिओत हेल्पर म्हणून जातात, दिवसाचे १,२०० रुपये मिळतात आणि हंगामात असे तीसेक दिवस भरतात. साक्षगंध (साखरपुडा), बारसं, जावळ अशी छोटी कामं ते स्वतःच्या नावावर घेतात. त्यासाठी दिवसाला १,००० रुपये भाड्याने कॅमेरा आणतात. गेल्या वर्षी असे १४ दिवस झाले. आता दुकानदाराने कॅननचा २०० डी मार्क टू, १८-५५च्या लेन्ससह, ६०,०००ला सांगितला आहे: २०,००० रोख आणि बाकीचे बारा हप्ते, ‘नो कॉस्ट’. घरी पाच एकर, पराटी (कापूस) आणि तूर. वडील कापसाच्या चुकाऱ्यातून, म्हणजे विकलेल्या मालाच्या पैशांतून, २०,००० द्यायला तयार आहेत. वडिलांच्या नावावर १,२०,०००चं पीक कर्ज आहे, स्वतःची शिल्लक १८,०००. स्टुडिओवाले दादा आता मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या नव्या पद्धतीच्या कॅमेऱ्यावर) गेल्यामुळे त्यांचा जुना २०० डी, तशाच लेन्ससह, २६,०००ला देतो म्हणतात. नवा घ्यावा, जुना घ्यावा की भाड्यानेच भागवावं?

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकले ते वडिलांचे २०,०००. आधी त्यांच्याबद्दल बोलतो.

३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं, तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून शेतकऱ्याला व्याज शून्य टक्के पडतं. मुदत चुकली की ही सवलत जाते. १,२०,०००वर ७ टक्क्यांनी वर्षाचे ८,४०० रुपये होतात, आणि थकबाकीत गेल्यावर दर त्याहून वाढतो. पण व्याजापेक्षाही मला भीती आहे ती जूनची. जुनं कर्ज थकलं की नवं मिळत नाही. मग बियाणं आणि खत कृषी केंद्रातून उधारीवर येतं, नाहीतर सावकाराकडून पैसे आणावे लागतात. ही साखळी आपल्या भागात कुठवर जाते हे तुम्हाला मी सांगायला नको. वडील प्रेमाने देतायत, तरी हात जोडून नाही म्हणा. चुकारा आला की आधी बँक.

दुसरी गोष्ट हप्त्यांची. ४०,०००चे बारा हप्ते म्हणजे महिन्याला साधारण ३,३००. पगारदाराला हे जमतं, कारण त्याच्या खात्यात दर महिन्याला काहीतरी पडतं. तुमच्याकडे पैसा येतो तो तुळशीच्या लग्नानंतर आणि मग उन्हाळ्यात. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की मुहूर्त बंद. बौद्ध पद्धतीची लग्नं मुहूर्तावर अडत नाहीत, पण त्यांचीही गर्दी उन्हाळ्यातच असते. चातुर्मासाच्या महिन्यांत तर निंदण, डवरणी, फवारणी, खताचा दुसरा डोस सुरू असतो. हप्ता मात्र जुलैतही येतो आणि सप्टेंबरमध्येही. एक चुकला की फायनान्सवाल्याचा दंड वेगळा, बँकेचा बाउन्स चार्ज वेगळा, आणि सिबिलवरची नोंद तुमच्या नावाला चिकटते ती निराळीच.

‘नो कॉस्ट’ या शब्दावरही जाऊ नका. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. एकतर रोखीवर मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही, नाहीतर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. दुकानदाराला एकच विचारा: “आज सगळे रोख दिले तर किती?” त्या दोन आकड्यांमधला फरक म्हणजेच व्याज.

आता कॅमेरा. या छोट्या, सुरुवातीच्या एसएलआरची (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याची) बाजू मी मनापासून घेतो. बॅटरी-कार्डासकट वजन साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे हळदीपासून पाठवणीपर्यंत मान अवघडत नाही. दोन्ही मॉडेलमध्ये २४ मेगापिक्सेल आहेत, अल्बमच्या पानाला ते भरपूर होतात. एक मोठी उणीवही दोघांत सारखीच: कार्डाची जागा एकच. लग्नात कार्ड खराब झालं तर दुसरी प्रत नाही, आणि मंगलाष्टकं पुन्हा होत नाहीत. म्हणून एक मोठं कार्ड न घेता ३२ जीबीची दोन-तीन घ्या, हळद आटोपली की बदला, आणि त्याच रात्री सगळं लॅपटॉपवर उतरवा.

मग नव्यासाठी ३४,००० जास्त का द्यायचे? तुम्ही लिहिलंय, “त्यात फोर-के आहे.” फोर-के, म्हणजे फुल एचडीहून बारीक व्हिडिओ, आहे खरं. पण मार्क टूमध्ये फोर-के लावलं की चौकट आणखी कापली जाते आणि कॅननचा तो चपळ ड्युअल पिक्सेल फोकस बंद होतो. नवरी मांडवात चालत येताना फोकस मागेपुढे चाचपडत राहतो. म्हणजे लग्नाचा व्हिडिओ तुम्ही फुल एचडीतच काढणार, आणि ते काम २०१७चा २०० डीसुद्धा तितकंच करतो. मार्क टूचा खरा फायदा बॅटरीचा: व्ह्यूफाइंडरमधून कंपनीच्या मोजणीने १,०७० फोटो, जुन्यात ६५०. हा फरक एक जादा बॅटरी घेऊन भरून निघतो.

आणखी एक. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०२० नंतर नवा एसएलआर आणलेला नाही, सगळा जोर मिररलेसवर आहे. त्यामुळे आज घेतलेल्या नव्या एसएलआरची किंमत दुकानाबाहेर पडल्यापासून झरझर उतरेल. जुन्याची बरीचशी उतरून झाली आहे, ती घट दादांनी सोसली. लेन्स मात्र वाया जात नाहीत, कॅननचा अॅडॉप्टर लावून त्या पुढे मिररलेसवरही चालतात.

हिशेब मांडू. नुसती बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि किट लेन्स (सोबत येणारी १८-५५) यांवर काम होत नाही. बाहेरचा फ्लॅश, कार्डं, जादा बॅटरी, बॅग आणि ५० एमएमची एफ १.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त) मिळून १६,००० धरतो. नवा मग ७६,०००ला पडतो. तीन वर्षांनी २५,००० आले असं समजलं तर वर्षाचा खर्च १७,०००. जुना ४२,०००ला पडतो, शेवटी १२,००० आले तर वर्षाला १०,०००. तुमचं भाडं गेल्या वर्षी झालं १४,०००. म्हणजे एवढ्याच कामावर नवा कॅमेरा भाड्यापेक्षा महाग पडतो, जुना वर्षाला ४,००० वाचवतो. विक्रीच्या किमती माझ्या अंदाजाच्या आहेत. त्या थोड्या खालीवर केल्या तरी क्रम बदलत नाही.

भाड्यावरच राहा असं मी म्हणत नाही, त्याचं कारण दाट तिथी. ज्या दिवशी गावोगावी मांडव असतात, त्या दिवशी भाड्याचा कॅमेरा मिळतच नाही, आणि नेमकी त्याच दिवशी ऑर्डर येते. पण त्याच तिथीला दादांनाही हेल्पर लागतो. कॅमेरा घ्यायच्या आधी हे त्यांच्याशी मोकळेपणाने बोला: कोणत्या तारखा त्यांच्या, कोणत्या तुमच्या. ते कॅमेरा विकायला तयार आहेत म्हणजे मनाने मोठे आहेत. तो संबंध ३० दिवसांच्या मजुरीचा आहे, तो तुटता कामा नये.

माझा सल्ला: जुना घ्या. शिल्लकीतले १०,००० दादांना आत्ता द्या. उरलेले १६,००० हंगामभर मजुरीतून वळते करून घ्यायला सांगा, दिवसाला ६०० प्रमाणे सत्तावीस दिवसांत फिटतात. काम नाही त्या दिवशी हप्ताही नाही, चातुर्मासात कुणी दारात येत नाही. ठरलेलं साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. ५,०००त कार्डं आणि वापरलेला फ्लॅश बसवा, उरलेल्या ३,०००ला हात लावू नका.

५० एमएम पहिल्या दोन ऑर्डरच्या पैशांतून घ्या, पण घ्याच. किट लेन्स ५५ एमएमपर्यंत झूम केली की एफ ५.६ला अडते. १.८ची लेन्स तिच्या जवळपास दहापट उजेड आत घेते, संध्याकाळच्या मांडवात ते फार मोलाचं आहे. फक्त या छोट्या सेन्सरवर ती ८० एमएमसारखी दिसते. घरातल्या खोलीत पाठ भिंतीला टेकेल आणि तरी सगळे पाहुणे चौकटीत येणार नाहीत, तिथे किट लेन्स आणि फ्लॅशच.

कॅमेरा कमावेल की नाही हे मात्र तुमच्या वसुलीवर आहे. गावातलं लग्न, नात्यातली माणसं, “कापूस निघाला की देतो” हे तुम्ही ऐकलं असेलच. निम्मा बयाणा तारीख ठरतानाच घ्या, बाकी अल्बम हातात देण्याआधी. काकांचं काम असलं तरी. सवलत द्यायची तर दरात द्या, उधारीत नको.

धंदा वाढून दुसरी बॉडी लागली, तेव्हा दुकानातल्या हप्त्यांऐवजी बँकेत मुद्रा योजनेच्या शिशु गटाचं विचारा. ५०,०००पर्यंत तारण लागत नाही आणि सेवा व्यवसायही त्यात बसतो. व्याजदर बँक ठरवते, म्हणून दोन शाखांत विचारा.

पैसे देण्याआधी कॅमेरा एक दिवस घरी आणा. एफ १६ला मोकळ्या आभाळाचा फोटो काढा, काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, ती साफ होते. लेन्स काढून टॉर्चच्या उजेडात आरपार बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, मग लेन्स घेऊ नका, नुसत्या बॉडीचा भाव करा. शटर किती चाललंय हा आकडा कॅननमध्ये फोटोच्या फाइलमध्ये मिळत नाही, सर्व्हिस सेंटरला विचारता येतं. पण दादांनी हा कॅमेरा किती हंगाम वापरला हे तुम्ही स्वतः पाहिलंय, दुकानातला जुना माल घेणाऱ्याला तेवढंही कळत नाही.