शेत विकण्याआधी पगाराची चिठ्ठी बघा

खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांनी लिहिलं आहे. वय 36, बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये चार वर्षं नोकरी, पगार 19,000. पत्नी घरी शिवणकाम करतात, त्याचे महिन्याला तीन-चार हजार सुटतात. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहा वर्षांची. मुलीला एएलएल, म्हणजे लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा ब्लड कॅन्सर झाल्याचं निदान झालं. बेळगावातल्या खासगी रुग्णालयात केमो सुरू होऊन तीन आठवडे झाले. 1 लाख 60 हजार खर्च झालेत आणि पूर्ण उपचाराचा अंदाज 10 ते 12 लाख सांगितला आहे. वडिलोपार्जित वीस गुंठे भातशेतीला दलालाने 11 लाखांचं गिऱ्हाईक आणलंय: पाच लाख कागदावर, सहा लाख रोख, पण सौदा या महिन्यातच हवा. नोकरी सोडून मुलीजवळ राहायचा त्यांचा विचार आहे. मेहुणे म्हणतात विकून मोकळे व्हा, पत्नीचा विरोध आहे. "पोरीपेक्षा शेत मोठं आहे का, असं सगळे विचारतात. काय उत्तर देऊ?" असं त्यांनी विचारलंय.

शेत आत्ता विकू नका, आणि नोकरी तर अजिबात सोडू नका. हे दोन्ही मी मुलीच्या उपचाराचा विचार करूनच सांगतोय, शेताच्या मायेने नाही. पत्नीचं म्हणणं बरोबर आहे, त्याची कारणं फक्त वेगळी आहेत.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात: "पगारातून ईएसआयचे कापतात, पण तिथं तापाच्या गोळ्यांशिवाय काही मिळत नाही म्हणून आम्ही कधी गेलो नाही." ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा. तुमच्या पगारावर ही कपात महिन्याला 143 रुपये होते, पाऊण टक्का. मालक त्यावर सव्वातीन टक्के स्वतःचे भरतो. या पैशात तुमचं अख्खं कुटुंब धरलेलं आहे आणि कॅन्सरचा उपचारही. ज्या उपचाराची सोय ईएसआयच्या स्वतःच्या दवाखान्यात नसते, तो ईएसआय महामंडळाशी करार असलेल्या रुग्णालयात होतो आणि बिल महामंडळ त्या रुग्णालयाला थेट देतं. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या कितीतरी कामगारांना हे ठाऊकच नसतं. आपल्याकडे ईएसआयची ओळख सुट्टीसाठी सर्टिफिकेट देणारा दवाखाना एवढीच झालीय.

वाट अशी: आधी कंपनीच्या ऑफिसातून तुमचा विमा क्रमांक घ्या आणि कार्डावर पत्नी आणि दोन्ही मुलांची नावं आहेत का ते बघा. मुलीचं नाव नसेल तर ते आजच्या आज घालून घ्या. मग डिस्पेन्सरी, तिथून अशोकनगरचं ईएसआय रुग्णालय, तिथून करारातल्या रुग्णालयासाठी रेफरलचं पत्र. सोबत बायोप्सीचा रिपोर्ट आणि उपचाराचा संपूर्ण आराखडा ठेवा. या पत्राला मुदत असते, ती संपायच्या आधीच पुढचं मागा. आणि आपल्या भागातली एक कायमची कटकट: जन्मदाखल्यावर नाव एक, कन्नडमधून इंग्रजीत गेलेल्या आधारवर दुसरंच, रुग्णालयाच्या फाइलवर तिसरं. तिन्ही ठिकाणी एकच स्पेलिंग करून घ्या. अक्षराच्या फरकावरून अडलेलं बिल सोडवायला दिवसचे दिवस जातात आणि ते दिवस तुमच्याकडे नाहीत.

आत्ताचं रुग्णालय करारात असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर घाईने मुलीला हलवू नका. एएलएलच्या उपचारात पहिला साधारण महिना सर्वांत नाजूक असतो, पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतात, संसर्गाची भीती मोठी असते. हा टप्पा आहे तिथेच पुरा करावा आणि कधी हलवायचं ते तिच्या डॉक्टरांनाच विचारावं. तोवर तुम्ही कागदांमागे लागा. आधी झालेला खर्च परत मिळेलच असं धरू नका. पत्राशिवाय केलेल्या उपचाराचे पैसे मिळवणं अवघड असतं. अर्ज जरूर करा, हिशेबात मात्र तो शून्य धरा.

आता नोकरी. तुम्ही राजीनामा दिलात तर ईएसआयचं दार त्याच दिवशी बंद होत नाही, पण फार काळ उघडंही राहत नाही. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा हक्क मिळतो आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचा. वर्गणी थांबली की हक्कही त्याच्या मागोमाग संपतो. तुमच्या मुलीचा उपचार दोन ते अडीच वर्षं चालणार आहे. पहिले सहा-आठ महिने जोराचे, नंतर दीडएक वर्ष बहुतेक घरी राहून गोळ्या आणि अधूनमधून रक्ततपासणी. म्हणजे आज राजीनामा देऊन तुम्ही तिच्या उपचाराचा मागचा मोठा भाग उघड्यावर टाकाल. थोडी थोडी बिनपगारी रजा घ्या, पाळी बदलून मागा, अर्धे दिवस भरा, पण हजेरीपटावर नाव राहू द्या. रुग्णालयात आई थांबेल, आळीपाळीने मावशी, आत्या. तुमचा महिन्याकाठी मिळणारा पगार त्या घराला हवाच आहे.

इथे एक विचित्र गोष्ट सांगून ठेवतो. तुमचं ऐकून मालकाने माणुसकीने पगार 22,000 केला, तर आनंदाने हो म्हणू नका. सध्या ईएसआयची मर्यादा 21,000 आहे. ती ओलांडली की चालू सहामाही संपेपर्यंतच तुम्ही योजनेत राहता. तीन हजारांच्या वाढीपायी लाखोंचं संरक्षण जायचं. मालकाला मदत करायचीच असेल तर ओव्हरटाइम द्यावा, तो या मर्यादेत धरत नाहीत, किंवा बिनव्याजी उचल द्यावी.

ईएसआयचं काही कारणाने अडलंच, तर दुसरी वाट आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक. बीपीएल कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. एपीएल असेल तर पॅकेजच्या 30 टक्केच सरकार भरतं, वर्षाला दीड लाखापर्यंत. तुमच्या घरचं कार्ड कोणतं ते तुम्ही लिहिलं नाही. खासगी रुग्णालयासाठी इथेही सरकारी रुग्णालयाचं रेफरल लागतं, बेळगावात ते बीम्समधून मिळेल. एकाच बिलावर दोन्ही योजना चालत नाहीत. सीमाभागातल्या 865 गावांना महाराष्ट्राने 2023 मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना जाहीर केली, त्यात तुमचं गाव असेलही. पण त्यावरून महाराष्ट्र आणि कर्नाटक सरकारांत जे भांडण झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. मुलीचा केमो त्या भांडणाच्या भरवशावर ठेवू नका. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या कार्यकर्त्यांकडे चौकशी करा, मिळालं तर वरचं समजा.

डॉक्टरांनी मुंबईला टाटा रुग्णालयात जायला सांगितलं तर मात्र गणित बदलतं. जनरल वर्गात तिथले दर खासगीपेक्षा बरेच कमी आहेत आणि लहान मुलांच्या विभागाचे समाजसेवक मदतनिधीशी गाठ घालून देतात. परगावच्या मुलांना आईबापांसह विनामूल्य ठेवणारी सेंट ज्यूडची केंद्रं मुंबईत आहेत, तिथे रुग्णालयामार्फतच प्रवेश मिळतो. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीत तिकीट माफ आणि सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत आहे, त्याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला रुग्णालय देतं. पण नुसत्या "मुंबईला चांगलं" एवढ्यावरून जाऊ नका. एएलएलचा उपचार ठरलेल्या आराखड्याने होतो. तो घराजवळ नीट होत असेल, तर तारखा न चुकणं हे शहराच्या नावापेक्षा जास्त मोलाचं आहे. पैसे आणि प्रवास झेपेना म्हणून अर्ध्यावर उपचार सुटलेली मुलं हे या आजाराचं आपल्याकडचं मोठं दुःख आहे. पूर्ण उपचार घेतलेली बहुसंख्य मुलं बरी होतात.

बिल कोणीतरी भरलं तरी तुमच्या खिशातून जाणारं बरंच उरतं: गाडीभाडं, बाहेरचं खाणं, योजनेत न बसणारी औषधं, बुडालेला रोज. त्यासाठी पैसे या क्रमाने काढा.

पहिला पीएफ. आजारपणासाठी काढलेली रक्कम परत भरायची नसते, अर्ज यूएएनवरून, म्हणजे तुमच्या पीएफच्या कायमच्या क्रमांकावरून, ऑनलाइन होतो. तुमच्या खात्यात सव्वा लाखाच्या आसपास आहे म्हणता, त्यातलं मिळेल तेवढं घ्या. म्हातारपणाची पुंजी मोडली असं वाटेल, पण तुम्ही 36 वर्षांचे आहात, भरायला वेळ आहे. दुसरं सोनं. घरातल्या पाच तोळ्यांतले तीन तोळे बँकेत तारण ठेवा. सोसायटीत ओळखीने लवकर मिळतं खरं, पण दर आधी विचारा, बँकेचा सहसा कमी असतो. वर्षाच्या आत व्याज भरून नूतनीकरण करायचं हेही त्याच दिवशी वहीत लिहा. तिसरी एलआयसी पॉलिसी, मोडू नका, त्यावर कर्ज मिळतं. पत्नीच्या गटामार्फत येणारं आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज मात्र नको. रुग्णालयात बसलेल्या बाईच्या दारात दर आठवड्याला वसुलीवाला, हे कुठल्याच घराला सोसत नाही.

या पैशातून 30,000 वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्याला हात लावू नका. हा तापाचा पैसा. केमो चालू असलेल्या मुलीला ताप आला तर सकाळची वाट बघायची नसते, तासाभरात रुग्णालय गाठावं लागतं. रात्री एक वाजता खानापूरहून बेळगावला निघायला गाडी आणि ॲडव्हान्स दोन्ही हाताशी हवं. गाडीवाला आत्ताच ठरवून ठेवा, एकावर विसंबू नका, दोघे ठेवा. दिवसाच्या नेहमीच्या फेऱ्यांना पत्नीला शक्ती योजनेत राज्याच्या साध्या बसमध्ये तिकिटाचे पैसे लागत नाहीत, तेवढे वाचतील. राज्याच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2,000 येत नसतील तर तोही अर्ज बघा.

मदत करू म्हणणाऱ्यांना नाही म्हणू नका, पण काय मागायचं ते तुम्ही ठरवा. गावच्या तरुण मंडळाच्या पोरांकडून वर्गणीपेक्षा रक्तदात्यांची यादी जास्त उपयोगी पडेल, गट आणि फोनसह. प्लेटलेट्स पुन्हापुन्हा लागतात आणि दाता धावपळीत मिळत नाही. मोबाइलवरून निधी गोळा करायचाच झाला, तर पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातील असं बघा, मध्यस्थ किती कापतो ते विचारा, आणि मुलीचा केस गेलेला फोटो टाकू नका. ती सोळा वर्षांची झाल्यावरही तो तिथेच असेल.

सुकन्या समृद्धीचं खातं पाच वर्षं झाल्यावर अशा आजारासाठी बंद करता येतं, आणि तुमचं पाच वर्षांचं झालंय. मी तुमच्या जागी असतो तर त्यातल्या 62 हजारांसाठी ते बंद केलं नसतं. वर्षाला किमान 250 भरून चालू ठेवा. ती दहावीला जाईल, पुढे शिकेल, असं धरूनच आपण हा हिशेब करतोय. आणखी एक, घरात कमावते तुम्ही एकटे आणि रोज दुचाकीवर. बँकेतून वर्षाला 436 आणि 20 रुपयांचे दोन सरकारी विमे घ्या, दोन्ही दोन-दोन लाखांचे. हे उद्यावर टाकू नका.

आता दलालाचं. घाई त्याला आहे, तुम्हाला नाही, आणि घाईतल्या माणसाला भाव पाडून मिळतो हे तो जाणतो. पाच कागदावर आणि सहा रोख यात तुमचा फायदा काहीच नाही. तुमचं शेत बेळगाव महापालिकेच्या हद्दीपासून 6 किलोमीटर आणि खानापूरच्या हद्दीपासून 2 किलोमीटरच्या बाहेर असेल, तर ग्रामीण शेतजमीन म्हणून विक्रीच्या नफ्यावर प्राप्तिकरच नाही. मग किंमत कमी दाखवून वाचतो तो खरेदीदाराचा मुद्रांक. उलट जमिनीच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर. शिवाय जमीन वडिलोपार्जित आहे, दोन बहिणींचा हिस्सा आहे. त्यांच्या सह्यांशिवाय झालेली खरेदी पुढे कोर्टात जाईल. आणि वर्षभराचा तांदूळ त्याच शेतातून येतो, उत्पन्न घटलेल्या घरात ती छोटी गोष्ट नाही.

मेहुण्यांना सांगा की शेत शेवटच्या क्रमांकावर ठेवलंय, यादीतून काढलेलं नाही. ईएसआय आणि सरकारी योजना दोन्हींकडून तीन महिन्यांत लेखी नकार आला, तर दहाच गुंठे विका, पूर्ण पैसे बँकेतून घेऊन, बहिणींच्या सह्या घेऊन. सर्व्हे नंबरचा तुकडा विकायला 11ई नकाशा, म्हणजे त्या तुकड्याचा मोजणी नकाशा, लागतो आणि मोजणीदार यायला वेळ लागतो, म्हणून तेवढा अर्ज मात्र याच आठवड्यात टाकून ठेवा.