झोपताना बेताची, सकाळी वाढलेली साखर

प्रश्न : माझे वय ५८ असून मी ठाण्यात नौपाड्यात राहतो. मधुमेहासाठी गोळ्या घेतो. झोपताना साखर १३० असते. रात्रभर काही न खाताही सकाळी ती १७० भरते. रात्रीचे जेवण बंद करावे का?

उत्तर : जेवण मुळीच बंद करू नका. पहाटे शरीरात कॉर्टिसॉल आणि वाढीचे संप्रेरक वाढते, त्यामुळे यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते, आणि मधुमेहात इन्सुलिन तिला पुरेसा आवर घालू शकत नसल्याने उपाशीपोटीही आकडा चढतो. औषधाचा परिणाम पहाटेपर्यंत न टिकणे, हेही कारण असू शकते. म्हणून काही रात्री झोपताना, पहाटे तीन वाजता आणि उठल्याबरोबर ग्लुकोमीटरवर साखर तपासून वहीत वेळेसह लिहा. पहाटे ती ७० च्या खाली आढळल्यास लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, कारण अशा स्थितीत गोळी वाढवणे धोक्याचे ठरते. रात्री भात बेताचा ठेवा, लवकर जेवा आणि नंतर तलावपाळीला एक फेरी अवश्य मारा. गोळीची वेळ किंवा मात्रा मात्र वही पाहून डॉक्टरांनाच ठरवू द्या.